धुराचं वेळापत्रक

माझं अक्षर वाईट आहे, ते आधीच सांगते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, मग हातात लाटणं आलं आणि पेन राहून गेलं. त्यामुळे इथं चुका असणारच. कुणाच्या हाती ही वही पडलीच तर त्यानं सांभाळून घ्यावं. खरं तर कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही. पाहुणे आले तर चहा मुलीच्या हातानं बाहेर पाठवते. पण आमच्या घरमालकांबद्दल कुठंतरी लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. मुलीच्या वहीची मागची पानं कोरी होती, ती घेतली.

आम्ही मलकापुरात त्यांच्या घरात तेरा वर्षं भाड्यानं राहतो. खाली आमच्या दोन खोल्या, वर काका आणि काकी, आणि त्याच्यावर गच्ची. काका एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. स्टँडवर ती जाळीची खिडकी असते ना, आत माईक असतो, ड्रायव्हर-कंडक्टर येऊन कागदावर नोंद करून घेतात, त्या खिडकीत त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाले तेव्हा माईक तिथंच राहिला. आवाज मात्र ते घरी घेऊन आले.

आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "गाव?"

"पाटणजवळ," आमचे हे म्हणाले. पुढं गावाचं नाव सांगणार होते, पण काकांनी डोळे मिटले.

"पाटण. पयली गाडी सव्वासहा. घाटात धुकं असलं तर पंधरा मिनिटं लेट." मग डोळे उघडून म्हणाले, "चालंल. ऱ्हावा."

"डिपॉझिट किती द्यायचं?"

"डिपॉझिट नगं. जाताना सांगून जायचं, आल्यावर सांगायचं. नोंद झाली पायजे."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पाटण' झाले. तेरा वर्षांत त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. आमचे हे टेम्पो चालवतात, त्यांच्या येण्याजाण्याला ठिकाण नाही, म्हणून ते 'पाटण जादा'. दूधवाला 'ढेबेवाडी'. काकींचं माहेर विट्याचं, म्हणून लग्न झाल्यापासून त्या 'विटा'. "विटा, चहा लागला का?" असं ते जिन्यातून ओरडायचे. काकी म्हणायच्या, "लागलाय. या फलाटावर."

सकाळी नळ आला की गच्चीवरून आवाज यायचा. घरात ते आमच्यासारखंच बोलायचे, पण हे सांगताना एकदम शुद्ध बोलायचे. "लक्ष द्या. नळाचं पाणी सहा वाजून बावीस मिनिटांनी आलेलं आहे. सात मिनिटं उशीर झाल्याबद्दल दिलगीर आहोत."

"तुमचं काय जातंय दिलगीर व्हायला?" काकी खालून म्हणायच्या. "हंडा धरा की जरा."

गल्लीतली मुलं त्यांच्या आवाजावर शाळेला निघायची. कुणाच्या घरी घड्याळ बंद पडलं तर महिना-महिना दुरुस्तीला जायचं नाही. कानाला दोन पेन्सिली असायच्या, निळी वेळेवर आलेल्यासाठी आणि लाल उशिरा आलेल्यासाठी. हातात आडव्या रेघांचं लांब रजिस्टर. मंडईतून मला उशीर झाला की फाटकात उभे असायचे.

"पाटण तेवीस मिनिटं लेट. कुठं पंक्चर?"

"मेथी चांगली न्हवती काका, दुसरीकडं गेले."

"मेथी," ते लिहायचे, आणि मला आत सोडायचे. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मी मुलीला पुढं करते. पण काकांशी बोलायला कधी अवघड वाटलं नाही. ते फक्त वेळ आणि कारण विचारायचे. त्याच्यापुढं काही नाही.

आता शेडबद्दल सांगते. काकांनी घर बांधलं तेव्हा मागं ऊस होता म्हणे. मग तिथं पत्र्याचं शेड आलं, लोखंडी दारं-खिडक्या करायचे. मग सगळीकडं घरं झाली आणि शेड घरांच्या मधोमध आलं. आम्ही राहायला आल्यावर तीन-चार वर्षांनी शेडवाल्या मालकांनी धंदा बदलला. जुनी ॲल्युमिनियमची भांडी, इंजिनाचे तुकडे असलं भंगार ट्रकनं यायचं आणि ते वितळवायला भट्टी लागली. भट्टीत गॅरेजमधलं जळकं ऑईल जाळायचे. तो धूर काळा आणि चिकट. वास असा की जेवताना घास फिरायचा. काकींना आधीच दम्याचा त्रास, त्यांनी मागची खिडकी कायमची लावून घेतली. पांढरं कापड गल्लीत कुणी वाळत घालेना.

पण बोलायचं कोण? गल्लीतली दोन माणसं त्याच शेडात कामाला होती. गणपतीची सगळ्यात मोठी वर्गणी मालकांचीच. मांडवावर फ्लेक्स त्यांचा, आणि आरतीचं ताटही आधी त्यांच्याच हातात.

काकांनी रजिस्टरमध्ये नवीन पान घातलं. त्यांना भांडता यायचं नाही, नोंद करता यायची. भट्टी लागली की ते गच्चीवर जायचे, बोट ओलं करून वारा बघायचे आणि लिहायचे. आमच्याकडून दक्षिणेला कोल्हापूर, उत्तरेला सातारा, पश्चिमेला पाटण आणि पूर्वेला विटा. "धूर सुटला, एक बत्तीस. विटा मार्गे." आमचे हे हसून लोळायचे. काकी म्हणायच्या, "माझ्या म्हायेराला कशाला पाठवताय? सातारला सोडा की."

मी पण हसले. कुरड्यांच्या दिवसापर्यंत हसले.

मी उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण करते. पापड, सांडगे, शेवया आणि कुरड्या. माझ्या हातची कमाई म्हणजे तेवढी एकच. कुरड्यांना गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, आणि पहाटे उठून शिजवायचा. हाताला चटके बसत असताना गरम-गरम सोऱ्यातून घालायच्या. त्या वर्षी कराडातल्या पाच घरांनी ऑर्डर दिली होती आणि पैसे आधीच दिले होते. त्यात मुलीची फी भरून झाली होती.

सकाळी नऊला गच्ची पांढरीशुभ्र झाली. दुपारी जेवून वर गेले, तर प्रत्येक कुरडईवर काळे ठिपके. चीक अजून ओला होता, काजळी त्यात बसली होती. ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर पसरली. काकी धापा टाकत जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, "तीळ घातलंस व्हय गं?" मग जवळून बघितलं आणि तिथंच टेकल्या.

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. संध्याकाळी त्यातली एक सुकत आलेली कुरडई तळून बघितली. तेलात ती फुलली आणि ठिपके दिसेनासे झाले. वास थोडा येत होता, पण चटणीबरोबर खाल्ली असती तर कळला नसता. मी पिशव्या भरायला घेतल्या. काका दारात उभे राहिले.

"तळून बघितलीस?"

"व्हय."

"दे."

त्यांनी खाल्ली. सावकाश, सगळी. मग पाणी पिऊन म्हणाले, "ही गाडी सुटणार न्हाई. रद्द."

"काका, पैसे घेतल्यात मी."

"गाडी रद्द झाली की पैसे परत. निम्मे न्हाईत, पुरे. पाशिंजराला डेपोचं रडगाणं सांगायचं नसतं."

"फी भरली त्यातनं."

ते वर गेले आणि सहा हजार रुपये घेऊन खाली आले. पाच घरांचे परत करायला आणि नवीन गव्हाला. "सवडीनं दे," म्हणाले. "पर दे. फुकट न्हाई." मी पाचही घरी गेले. कुठंच धड बोलले नाही, पैसे हातात ठेवले आणि परत फिरले. पिशव्यांतल्या कुरड्या मात्र टाकवेनात. डब्यात भरून माळ्यावर ठेवल्या.

त्या सहा हजारांनंतर धूर काकांसाठी नुसती नोंद राहिला नाही. त्यांनी प्रदूषणाच्या ऑफिसला अर्ज केला. एक साहेब आले, तरुण होते, स्वभावानं चांगले. शेड बघितलं, भट्टी थंड. लिहून घेतलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी भट्टी लागली.

काका सहा महिन्यांची नोंद काढून बसले आणि त्यांना सापडलं. भंगाराचा ट्रक आला की दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला भट्टी लागायची, गल्लीतले पुरुष कामावर आणि बायका जेवून आडव्या होतात तेव्हा. एका दिवसाचा फरक नाही. काकांचा चेहरा मुलगा पास झाल्यासारखा फुलला. त्यांनी शुद्ध अक्षरात धुराचं वेळापत्रक तयार केलं आणि साहेबांना पाठवलं. ट्रक आल्याबरोबर फोन केला. उद्या दीड वाजता या.

साहेब सव्वाला आले. काकींनी चहा केला. दीड वाजला. धूर नाही. पावणेदोन. काका गच्चीच्या कठड्याला धरून उभे.

"लेट हाय," ते म्हणाले. "रद्द न्हाई. लेट."

अडीचला साहेब उठले. "काका, मला अजून दोन ठिकाणी जायचंय," म्हणाले, अगदी नम्रपणे. खाली शेडच्या दारात मालक उभे होते. त्यांनी हात जोडून विचारलं, "काय कंट्रोलर, आज गाडी ब्रेकडाऊन?" शेडातले सगळे हसले.

असं अजून एकदा झालं. दुसऱ्या वेळी साहेबांनी चहासुद्धा घेतला नाही.

काका दोन दिवस गच्चीवर रजिस्टर मांडीवर घेऊन बसून होते. आकडे परत-परत तपासत होते. मी धुणं घेऊन वर गेले.

"माझंच चुकलं पाटण," ते म्हणाले. "वेळापत्रक चुकलं. अर्ज मागं घेतो."

मला माहीत होतं कुठं चुकलं ते. गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला, ज्याचे पैसे आपण देणं लागतो त्याला, असलं तोंडावर कसं सांगायचं? मी एक चादर तीनदा पिळली. अर्ज मागं गेला असता तर माझी गच्ची गेली असती. मग चादरीकडंच बघत बोलले.

"काका, वेळापत्रक बरोबर हाय. तुमी आधी सांगताय म्हणून ती पेटवत न्हाईत."

"मी? कुणाला सांगितलं मी?"

"समद्यास्नी."

"कवा?"

"सकाळी. गच्चीवरनं. 'लक्ष द्या, आज दुपारी दीड वाजता प्रदूषणाचे साहेब येत आहेत.' दोन्ही येळंला."

काकांनी आठवून बघितलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. गाडी यायची आहे आणि तिची घोषणा करायची नाही, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. श्वास घ्यावा तसं ते तोंडातून जायचं. जिन्यात काकी होत्या. त्या हसायला लागल्या आणि हसता-हसता खोकल्या.

"चाळीस वरसं मी हेच सांगतेय, आवं जरा गप बसा. माझी नोंद कोण घेतंय!"

काका हसले नाहीत. रजिस्टर मिटलं आणि उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला, वरून आवाज नाही. मी हंडा लावायला विसरले. शाळेची दोन मुलं उशिरा गेली. ढेबेवाडीनं फाटकात थांबून विचारलं, "काका आजारी हायत काय?" काका समोर खुर्चीत बसलेले, गालात सुपारी, तोंड घट्ट मिटलेलं. त्यांनी हातानंच 'जा' म्हटलं. अकरा दिवस ते असे राहिले. मला रोज वाटायचं, मी एका भल्या माणसाचा आवाज काढून घेतला. एकदा काकींना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "आगं सुख हाय. पर करमंना झालंय मला बी."

साहेबांना काकांनी या वेळी पत्रात एवढंच लिहिलं, की ट्रक आला की कळवतो, पण कधी येणार ते मलासुद्धा सांगू नका.

बाराव्या दिवशी दीडला भट्टी लागली. दोनला दहा कमी असताना काकांनी गच्चीवरून बघितलं. साहेबांनी मोटारसायकल लांब मारुतीच्या देवळापाशी लावली होती आणि चालत कोपऱ्यावर आले होते. मी मिरच्या वाळत घालत होते. काकांच्या मानेच्या शिरा फुगल्या. त्यांनी घोषणेसाठी छातीभर श्वास घेतला. काकींनी त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "चावा सुपारी. चावा." त्यांनी चावली. कडाकडा आवाज आला.

साहेब वर आले, वहीत लिहायला लागले आणि त्यांच्या कागदावर काजळी पडली. त्यांनी बोटानं ती पुसून बघितली, पसरली. तेवढ्यात मालक पळत आले.

"साहेब, आजच जरा बर्नर बिघडलाय. रोज न्हाई होत असं."

साहेबांनी काकांचं रजिस्टर उघडलं.

"त्ये काय खरं धरताय? म्हातारा काय बी लिवतोय. स्टँडची सवय हाय त्याला. कुत्रं गेलं तरी नोंद करतंय."

हे खरंच होतं, कुत्र्याची नोंद होती. साहेबांनी कठड्यावरून खाली बघितलं. गल्लीतली माणसं गोळा झाली होती. "यांच्याशिवाय आणखी कुणी सांगेल का, हे रोजचं आहे की आजचं?" त्यांनी विचारलं. सगळे एकमेकांकडं बघत राहिले. शेडातली ती दोघंही तिथंच होती. काकांच्या तोंडात सुपारी, आणि त्यांचं म्हणणं तर आधीच म्हातारपणात गेलेलं.

मी खाली गेले. सगळ्यांना वाटलं असेल, लाजून पळाली. माळ्यावरचा डबा काढला आणि वर आणला. झाकण उघडलं.

"ह्या चैतातल्या," मी म्हटलं. "आजच्या न्हाईत. पाच घरचे पैसे परत दिल्यात मी. त्याच्यामागनं सांडगं गेलं. पापड गेलं. काका लिवत्यात त्यातलं एक बी खोटं न्हाई, मी रोज हितंच असते."

आणखी काय बोलले आठवत नाही. मालक म्हणाले, "वैनी, तुमाला आमी काय कमी केलं व्हतं?" मी डबा साहेबांपुढं सरकवला. साहेबांनी दोन कुरड्या कागदात बांधून घेतल्या, माझं नाव लिहिलं आणि मी सही केली. वाकडी आली.

साहेब गेले तसे काका पुढं आले. सुपारी थुंकली. मला वाटलं आता धुराबद्दल सांगणार. त्यांनी कठड्याला धरलं आणि अकरा दिवसांचा साठलेला आवाज सोडला.

"लक्ष द्या. पाटण आज बोललेली आहे. वेळ, दोन वाजून सात मिनिटं."

खाली कुणीतरी टाळी वाजवली. मी जिन्यात जाऊन बसले.

पुढं सगळं झटक्यात झालं असं नाही. आधी नोटीस आली, मग मालकांनी उंच धुराडं बसवलं. धूर आमच्यावरून जाऊन पलीकडच्या कॉलनीत पडायला लागला. आमच्या गच्चीवर ठिपका नाही. मी काकांना म्हटलं, आता झालं की. त्यांनी रजिस्टर मिटलं नाही. "आपल्या स्टँडवर थांबत न्हाई म्हंजे गाडी रद्द झाली असं नसतं, पाटण. कुठंतरी पोचतीयाच ती." ते रोज पलीकडच्या कॉलनीत चालत जाऊन नोंद करायचे, बोट ओलं करून. तिथली माणसं त्यांना वेडं समजायची आणि मग चहा द्यायची. वर्ष-दीड वर्षानं शेड गावाबाहेर, कारखान्यांच्या वसाहतीत गेलं. ती दोन माणसं आता मोटारसायकलनं तिकडं जातात. त्यातला एक अजून आमच्याशी बोलत नाही. त्याचंही बरोबर आहे, पेट्रोलचा खर्च त्याचा त्याला.

काकींनी मागची खिडकी उघडली तेव्हा कडी गंजून बसली होती. काकांनी हातोडी घेऊन ती उघडली आणि दोघं बराच वेळ तिथं उभे राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, रिकामा पत्रा होता.

गेल्या थंडीत काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. सकाळी नळ येतो तेव्हा मी अजून हंडा हातात घेऊन थांबते.

सहा हजारांपैकी माझे चौदाशे राहिले होते. दोनशे, तीनशे असे देत आले होते, त्यांनी कधी मागितले नाहीत. त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता, तो म्हणाला, "वहिनी, ते राहू दे आता." मी मान हलवली आणि खाली आले. या चैत्रात अकरा किलो गव्हाच्या कुरड्या केल्या, सगळ्या पांढऱ्या निघाल्या. त्या विकल्या आणि परवा चार वाजता पैसे घेऊन वर गेले. काकी भाजी निवडत होत्या.

"हे कशाचं गं?"

"राहिलेले."

"आगं, माणूस गेला, त्याच्यासंगं हिशेब गेला. जा, पोरीला कायतरी घे."

मी गेले नाही. "काकी, त्यांनी घेतले असते," म्हटलं.

काकींनी भाजी बाजूला सारली. मग पदराला हात पुसले, बोट जिभेला लावलं आणि नोटा मोजायला लागल्या. मधेच थांबल्या. एक नोट उजेडात धरली.

"ही फाटकी हाय. दुसरी दे."

मी खाली आले, डब्यातून दुसरी शंभराची काढली आणि वर नेऊन दिली. त्यांनी पहिल्यापासून परत मोजल्या.

"चौदाशे," काकी म्हणाल्या. "पुरं आलं."